तिसऱ्या मजल्यावरच्या काकू

शनिवार, दि. १४
दुपार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील असं लिहिणार होते, पण बरी कशी असशील? मीही बरी नाही, तेव्हा ते राहू दे. फोन उचलत नाहीस, परवा दारही उघडलं नाहीस, म्हणून हा कागद. तुझ्या बहिणीच्या दाराखालून सरकवून जाईन. फाडायचा तर फाड, पण वाचून फाड.

आधी इकडचं सांगते. भोंग्या जाऊन दोन आठवडे होत आले, तरी लोक मला रस्त्यात थांबवतात. वाणी म्हणाला, "ताई, सकाळी आता रेडिओ लावून करायचं काय? तुमचा भाऊ होता तोवर गंमत होती, आता नुसत्या साबणाच्या जाहिराती." आणि एवढा मोठा माणूस पुडी बांधता बांधता रडला. मला हसू आलं आणि मग मीही रडले. लहानपणी हा रडायला लागला की चार घरं जागी व्हायची, म्हणून आईनं त्याला भोंग्या म्हणायला सुरुवात केली. त्याच भोंग्यावर पुढं सगळं गाव उठेल, असं तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं वेड्यात काढलं असतं.

काल रेडिओचे साहेब येऊन गेले. उद्या सकाळी आठला त्याच्या आठवणींचा कार्यक्रम आहे, तू येणार आहेस, त्याच्याच खुर्चीत बसून बोलणार आहेस, असं म्हणाले. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी फोन करावा असं ते सगळ्यांसमोर सांगणार आहेत. ही इच्छा तुझी, असंही म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना वाटतंय, रोज सकाळी त्याच्याशी फोनवर भांडणाऱ्या त्या म्हातारीच्या गळ्यात पडून तुला रडायचंय.

मी तुला ओळखते गं. तू गळ्यात पडणार नाहीस, गळा धरणार आहेस.

त्याला नेलं त्या दिवशी तू माझं मनगट घट्ट धरलंस. "ताई, ती बाई कोण ते तुम्हाला माहीत असणार. तुमच्यापासून तो काही लपवत नव्हता." मी म्हणाले, "मला काय माहीत, बाई." लोकांना वाटलं, नणंद-भावजय एकमेकींना धीर देतायत.

आणि तू गल्लीगल्लीतून माना वर करून फिरतेस हेही कानावर आलं. औषधाच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर ती शिक्षिका राहते ना, तिच्या दारात जाऊन तू नको नको ते बोललीस म्हणे. धाकटे, ती बिचारी सकाळी आठला शाळेत फळा पुसत असते. तिचा काही दोष नाही. कुठल्याच तिसऱ्या मजल्यावरच्या बाईचा नाही. मी तळमजल्यावर राहते.

झालं, लिहिलं एकदाचं.

आता खाली बस आणि पुढचं वाच. भोंग्याच्या कार्यक्रमाचा तो पहिलाच आठवडा होता. श्रोत्यांनी फोन करा, आवडतं गाणं सांगा, असं तो घसा फोडून सांगायचा आणि फोन यायचा एकही नाही. "सगळ्या लाइनी व्यस्त आहेत," असं हसत हसत सांगायचा. त्याचं ते खोटं हसू मला ऐकवेना. मी नाक दाबून फोन लावला आणि म्हातारीच्या आवाजात झापला त्याला, "अरे मेल्या, किती ओरडतोस! तुझ्या नादात माझं दूध उतू गेलं!" त्यानं पहिल्याच शब्दाला ओळखलं. पण पठ्ठ्या अडखळला नाही. "काकू, माफ करा. कुठल्या मजल्यावर राहता? भरपाईला गाणं पोचवतो." मी आपलं तोंडाला आलं ते ठोकलं, तिसऱ्या. दुसऱ्या दिवसापासून फोनची रांग लागली. निम्मे लोक काकूंच्या बाजूनं, निम्मे त्याच्या.

मग ते रोजचंच झालं. तुझं लग्न ठरलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, हिला सांगून टाकतो." मी शपथ घातली. म्हटलं, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, ती आमच्या ह्यांना सांगून मोकळी होईल.

ह्यांना कळलं असतं तर त्यांनी मला मारलं असतं, हाकललं असतं, असं काही समजू नकोस. साधा माणूस आहे. बस डेपोत इंजिनं उघडून बसतो. त्यांच्या वर्कशॉपमध्ये रेडिओवर काकूंचा फोन आला की हातातले पाने-हातोडे खाली ठेवून सगळे ऐकायचे. संध्याकाळी जेवायला बसले की हे मला सांगायचे, "आज काकूंनी काय हाणला तुझ्या भावाला!" आणि माझाच विनोद मला ऐकवून पोट धरून हसायचे. मी समोर उभी, हातात पळी. तोच विनोद मी माझ्या तोंडानं केला असता तर "मीठ कमी आहे" म्हणाले असते. एकदा म्हणाले, "अशी बोलकी बाई घरात पाहिजे." धाकटे, मला त्या काकूंचा हेवा वाटायचा. आणि तेवढंच एक सुख होतं, तेही सोडवेना. उघड झालं की काकू संपणार आणि मागं मी उरणार, याची मला भीती होती.

आता ज्या दिवसानं तुला घराबाहेर काढलं, तो. त्या सकाळी कार्यक्रमात तो खांदा दुखतोय म्हणून कुरकुरत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "डाव्या कुशीवर झोपू नकोस म्हणून हजारदा सांगितलं, तुझा खांदा धरतो." साऱ्या गावानं ऐकलं आणि हसलं. तू ऐकलंस आणि बॅग भरलीस. बरोबरच आहे. नवरा कुठल्या कुशीवर झोपतो हे परक्या बाईला कसं माहीत? मी काय करू, लहानपणी एका गादीवर झोपायचो आम्ही. खांदा दुखला की मलाच चेपायला लावायचा.

संध्याकाळी त्याचा फोन आला. इतका हळू बोलत होता की मला वाटलं लाइन खराब आहे. "ताई, ती गेली. आता तरी सांगू दे ना." मी म्हणाले, "चार दिवस थांब. मीच येऊन सांगते." ह्यांची बढती अडकली होती, हे वैतागलेले होते, घरात काकूंशिवाय हसायला दुसरं काही नव्हतं. असली कारणं होती माझी! तो "बरं" म्हणाला. पुन्हा त्यानं विचारलं नाही. चारचे किती झाले मी मोजले नाहीत, आणि मग एका सकाळी तो तिथंच कोसळला, रेडिओच्या जिन्यातून त्याला खाली आणलं ते तसंच, तुला काही न सांगताच.

त्यानं तुला फसवलं नाही गं. मी अडवलं त्याला. तुझ्याशी खोटं बोलताना त्याचा जीव तुटत होता, आणि मला दिलेला शब्दही त्याला मोडवत नव्हता. तू निघून गेलीस तरी तो माझं नाव बोलला नाही. असा भाऊ मिळाला आणि मी त्याचं हे केलं.

आज सकाळी ह्यांना सांगितलं. चहा पिताना म्हणत होते, "त्या काकूंचं काय झालं असेल गं? खचली असेल बिचारी." मी नाक दाबलं आणि म्हणाले, "काकूंना काय धाड भरलीय!" आधी सवयीनं हसले. मग कप खाली ठेवला. "म्हणजे रोज मी तुलाच तुझं सांगत होतो? आणि तू माझी मजा बघत होतीस?" मी म्हटलं, नाही हो, तुम्ही हसत होता ते बघत होते. डबा न घेता गेले. परत येऊन काय म्हणतील ते म्हणोत.

उद्या आठ वाजता मी फोन लावणार आहे. नाक न दाबता, माझ्या आवाजात. तू त्या खुर्चीत असशील. गावासमोर मला काय विचारायचं ते विचार, शिव्या द्यायच्या तर दे, साहेबांनी मध्ये पडू नये असं मीच त्यांना सांगेन. फक्त त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढू नकोस, तो शब्द माझ्या वाट्याचा आहे. आणि तू आलीच नाहीस, माझा आवाज ऐकून उठून गेलीस, तरी मी सगळं सांगून मगच फोन ठेवेन. त्या शिक्षिकेची माफीही मागेन.

"तुझी" असं लिहायला हात धजत नाही.

त्याची,
ताई