मामांची गिटार आणि कामटीचं बोट

लातूर, एप्रिल १९८६

तीर्थस्वरूप गुरुपादप्पा मामा यांस,

भाचा शिवमूर्तीचे शरणू शरणार्थी. मामींच्या गुडघ्यांना आता उतार पडला असेल. इकडे आम्ही खुशाल, पाणी तेवढं खुशाल नाही. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, माझी कारकुनीही नवी. टँकर मात्र कुठून तरी जुना आणलाय, अर्धं पाणी वाटेत रस्त्यालाच पाजतो.

सिकंदराबादेहून तुम्ही पाठवलेल्या गिटारीचे उपकार मानायला हे पत्र. तुम्ही सुट्टीत इथं येऊन शिकवलेले तीन कॉर्ड मी रोज घोटत होतो (चौथ्याच्या आधी तुमची ड्युटी लागली). तेवढ्यात टँकरच्या गर्दीत शेजारच्या उमाबाईंचं भरलेलं पिंप माझ्या डाव्या हातावर आलं आणि करंगळीजवळचं बोट मोडलं. हाडवैद्यानं बांबूची कामटी बांधली. बोट ताठ, कॉर्ड धरणं संपलं.

आईचं दुखणं वेगळंच. मुरुडला ती जात्यावर, चुलीपुढं, गोठ्यात गात असायची, हे तुम्हाला मी काय सांगावं. लातूरला भाड्याच्या खोलीत आणल्यापासून तोंड मिटून बसली. "मला मुरुडच्या बसमधी बसवून दे. इथं गायलं तर आवाज भिंतीला थडकतो," एवढंच म्हणायची. एके दिवशी पिशवीच भरून ठेवली. म्हटलं, गिटारच हिच्या सुराला लावून बघू; बोटं न लावता नुसती छेडता आली तरी पुष्कळ.

आधी तारा आवळत गेलो. पहिलीच तार तुटून गालावर बसली आणि लांब वळ उठला. (कचेरीत सगळ्यांनी बायकोचं नाव घेतलं. माझं लग्न झालेलं नाही, हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.) तुम्ही खोळीत घातलेली जादा तार कामी आली. मग उलटं केलं, तारा सैल सोडल्या. त्या ढुंग-ढुंग वाजायला लागल्या तसे घरमालक सिद्रामप्पा डोक्यावर गादी घेऊन दारात हजर. "पिंजारी आलाय म्हनं? एवढी गादी पिंजून घ्यायची हाय." मी गिटार दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "मंग उशी तरी?"

ते गेल्यावर मी तारा परत तुम्ही लावून दिलेल्या मूळ सुरांवर आणल्या, तशी आई उठली. "कवाधरनं काय लावलंय? ती जाडी तार उतरव. अजून. हां, ऱ्हाऊ दे," असं म्हणत ती सूर धरून उभी राहिली आणि मी खुंट्या पिळत गेलो. पहिली, पाचवी आणि सहावी, अशा तीनच तारा उतरवाव्या लागल्या. आणि मामा, मोकळ्या तारांवरून अंगठा फिरवला तर सा, ग, प एकदम बोलले, एक बोट न लावता! मग कामटीचं बोट तारांवर आडवं नुसतं टेकवून सरकवलं, दाब अजिबात नाही. सूर घसरत घसरत वर निघाला, आपल्याकडच्या बाया लांबून हाक मारताना हेल काढतात ना, तसा. मला हसू आलं. आईला आलं नाही. तिनं डोळे मिटले आणि जात्यावरची ओवी म्हणायला लागली. आधी आवाज कापत होता. पुढं तो इतका मोकळा झाला की मी वाजवायचं विसरलो आणि बोलणी खाल्ली.

दारात उमाबाई रिकामी घागर घेऊन उभ्या होत्या. माझ्या बोटाकडं बघवत नव्हतं त्यांना. आईला म्हणाल्या, "कमलम्मा, टँकरपाशी चला की. तिथं लोक नुसते भांडायलेत."

आई गेली. आता रोज जाते. रांगेत ती म्हणते, बायका मागून धरतात, मी बाजूला पिंपावर बसून अंगठा फिरवतो. भांडणं थांबली असं लिहिणार नाही, पण आईची ओवी संपेपर्यंत लोक दम धरतात. पिशवीतली लुगडी तिनं आपणहून काढून दोरीवर टाकली. मामा, माझी आई गात गात घरात फिरतेय. हे तुमच्यामुळं झालं. मला याहून जास्त लिहिता येत नाही.

आपला,
शिवमूर्ती

ता. क. जावईबापूंना गिटार पाहिजे, लगेच परत पाठव, हे तुमचं पत्र मिळालं. एसटीच्या टपावर उन्हानं लाकूड तडकतं म्हणतात. पावसाळ्यात भिजतं. हिवाळ्याचं विचारून कळवतो.

दुसरा ता. क. आईला विचारलं. ती म्हणाली, "त्याला म्हनावं, अक्कानं बोलावलंय. सोता ये, माझ्यासंगं बसून गा, आन मंग माझ्या देखत उचलून ने." मला तरी हा होकार वाटला नाही.