तान्ह्या पोळ्याचा जिराफ

नागपूर, ३० जुलै १९७८

चि. मुकुंद यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे ठीक. तुझ्या भाचीने मात्र घर डोक्यावर घेतले आहे. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरे लाकडी बैल मिरवणार आणि आमच्या वच्छीला हवा जिराफ! तू पाठवलेला फोटो उशाशी घेऊन झोपते. बाबांनी नातीपुढे हात टेकले, सागवान काढले. पण चाके लावली की लांब मानेमुळे जिराफ तोंडावर आपटतो. तीन आपटले. त्यात गल्लीचे तोरण बांधणारे शेजारचे नत्थूजी म्हणतात, तोरणाखालून बैलासारखे रवंथ करणारेच जनावर जाईल.

सुतारकाम सोडून तू प्राणिसंग्रहालयात लागलास त्याला चार वर्षे झाली. तुझे नाव निघाले की बाबांचे एकच, लाकूड सोडून शेण काढाले गेला. पण काल रंधा मारता मारता म्हणाले, त्या जनावराचा खूर चिरलेला असते का, कोणाले तरी विचार. कोणाले तरी! नागपुरात जिराफाचे खूर कोणी पाहिलेत रे?

जेवणाची हेळसांड करू नकोस, एवढेच मागणे.

तुझी ताई, कौसल्या

कलकत्ता, ८ ऑगस्ट

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

खूर चिरलेलाच, बैलासारखा. रवंथही करतो. गिळलेला घास पोटातून परत वर येताना मानेत गोळा सरकताना दिसतो. चहा पिता पिता मी तेच बघत बसतो. शिंगे कातड्याने मढवलेली, जीभ काळसर, चांगली हातभर. चालताना एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदमच उचलतो. नत्थूजींना सांग, बैलाच्या भाऊबंदांतलाच आहे.

आता आपटण्याचे. एवढी मान, तरी जमिनीला पुरत नाही. म्हणून पाणी पिताना हा पुढचे पाय फाकवून खाली वाकतो. तसा घडवला तर पडायचा नाही.

दिवाळीला यावेसे फार वाटते, ताई. पण मागच्या खेपेस बाबांनी रंध्यावरून मानही वर केली नाही. पुन्हा तसेच झाले तर मला सोसणार नाही.

वच्छीला पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मुकुंद

नागपूर, ४ सप्टेंबर

चि. मुकुंदास आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र मोठ्याने वाचले. बाबा ऐकत नव्हते, फक्त रंधा थांबला होता. पाय फाकवण्याचे आले तेव्हा म्हणाले, पुन्हा वाच वं. दोन दिवसांत जिराफ तयार, तोंड फळीला टेकलेले. ढकलला तरी पडेना! काल तो तोरणाखालून गेला. नत्थूजींनी चष्मा लावून चारही खूर तपासले आणि पोरांना वाटायच्या बोजाऱ्यातला पहिला लाडू वच्छीला दिला.

सोबत बाबांची चिठ्ठी आहे. पाकीट त्यांनीच चिकटवले, मला वाचू दिली नाही.

कौसल्या

चि. मुकुंदा,

जिराफ पडला नाही. वच्छी त्याले वाटीनं पाणी पाजून राहिली. झाडाएवढं जनावर, पण तहान लागली की वाकते म्हणतोस. मी तर सव्वापाच फुटाचा माणूस. मले चार वर्षं काहून लागले, काय माहीत.

दिवाळीले ये गा. रंधा हाती देत नाही. जिराफाचं सांगजो, मी ऐकतो.

तुझा बाप, रुपराव