डोहासुराविषयी रंगुबाईचे खरे मत

लिहून ठेवणार कारभारी विठोबा झिरपे, वय अडुसष्ट, धंदा अर्जनवीस, मुक्काम व तालुका शेवगाव, जिल्हा अहिल्यानगर. माझे डोके ठिकाणावर आहे. अक्षर वाकडे आले आहे, पण ते माझेच आहे. मला कोणी दमदाटी केलेली नाही आणि सकाळपासून चहाशिवाय काही घेतलेले नाही. तहसील कचेरीसमोर चाळीस वर्षे दुसऱ्यांची मृत्युपत्रे लिहिली, तेव्हा माझ्या या मृत्युपत्रात कायद्याची चूक सापडणार नाही. चूक दुसरी आहे, ती पुढे येईल.

कलम १. पैठण रस्त्यालगतचे दोन खोल्यांचे राहते घर मुलगी रोहिणी हिला, मात्र कलम ६ मधील अट तिने पाळली तरच. बँकेतील ठेव तिने व मुलगा रविराज याने निम्मी निम्मी घ्यावी. रविराजने घरावर हक्क सांगू नये. आईच्या आजारपणात तो पुण्याहून दोनदा आला आणि दोन्ही वेळा परतीची गाडी ठरवूनच आला.

कलम २. मराठी टंकलेखन यंत्र व टेबल माझ्या शेजारी बसून अर्ज लिहिणाऱ्या अश्विनीला. पोरी, सांगणारा जे सांगेल तेच लिही. मी साहेबाला काय आवडेल ते लिहीत असे. लोक रडत सांगायचे आणि मी ‘सबब विनंती की’ लिहायचो. कामे व्हायची, म्हणून माझ्याकडे गर्दी असायची.

कलम ३. टीव्ही शेजारीण गोजरबाईला. याच टीव्हीवर दोन वर्षांपूर्वी आमची सगळी आळी ‘डोहासुर’ ही मालिका बघत असे. धरणातून डोंगराएवढे जनावर निघते, गावे तुडवते, परत पाण्यात जाते. मतांना तोटा नव्हता. गोजरबाई रोज विचारायची, “येवढं धूड, खातं तरी काय? वैरन कोन घालतं त्याला?” याचे उत्तर मालिकेने शेवटपर्यंत दिले नाही.

कलम ४. आबासाहेब लांडे याला काहीही देत नाही. रोज पुढची जागा बळकावून बसायचा, “शेपूट रबराची हाय” म्हणायचा आणि एकही भाग चुकवायचा नाही. माझी पत्नी रंगुबाई त्या जनावरासाठी हळहळली की तो हसायचा. मला त्याच्यासमोर बायकोची लाज वाटायची, हे आज कबूल करतो. ज्याला काही मिळत नाही त्याने साक्षीदार व्हायला हरकत नसते, म्हणून त्याने खाली सही करावी. आधी वाचावे.

कलम ५. मालिका संपत आली तेव्हा वाहिनीने प्रेक्षकांकडून पत्रे मागवली: डोहासुराचे काय करावे? निवडक मते शेवटच्या भागाआधी वाचून दाखवणार होते. रंगुबाईला लिहिता येत नव्हते. ती म्हणाली, “माजंबी लिवा.” माझ्या नेहमीच्या रीतीप्रमाणे मी आधी दोन कोऱ्या कागदांवर तिचा अंगठा घेतला, एक खराब झाला तर दुसरा असावा. कोऱ्यावर अंगठा घेणे गैर आहे, हे मला माहीत होते. मग ती बोलली. मी सगळे ऐकले, आणि आबासाहेब हसेल म्हणून लिहिले: ‘सदर असुरापासून जनतेच्या जीवितास धोका असल्याने त्यास ठार मारावे, ही नम्र विनंती.’

तेच पत्र निवडले गेले. तिचे नाव आणि गाव घेऊन निवेदिकेने ते वाचले. आळीने टाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्या भागात डोहासुराला मारले.

रंगुबाईने मला विचारले, “मी असं म्हनले हुते?”

मी म्हणालो, “हो, असंच म्हणालीस.”

आदल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. तिचा स्वतःच्या आठवणीवर भरवसा उरला नव्हता, माझ्यावर होता. पुढे चार महिने ती हेच विचारत राहिली. जेवताना, केस विंचरताना. दर वेळी मी तेच उत्तर दिले. शेवटी ती विचारेनाशी झाली आणि आल्यागेल्याला सांगू लागली, “मीच मारायला लावलं त्याला.” आबासाहेबसुद्धा म्हणाला, “वैनी, टीव्हीतलं हाय ते, सोडा.” मला तेवढेही म्हणता आले नाही. तसेच मानून ती जगातून गेली. नवरा म्हणून मी जे काही बरे केले असेल, ते या एका उत्तराने मातीत घातले.

कलम ६. आपल्याकडे दशक्रियेला श्रद्धांजलीची भाषणे होतात. माझ्या दशक्रियेला कोणी भाषण करू नये. त्याऐवजी रोहिणीने जमलेल्या लोकांसमोर कलम ५ व ७ मोठ्याने वाचावीत. बापाची अब्रू जाईल म्हणून एकही शब्द गाळू नये. आईचे नाव मोकळे झाले की घर रोहिणीचे.

कलम ७. तो दुसरा कागद मी जपून ठेवला होता. त्यावर आज हे लिहिले आणि येथे जोडले:

“त्याला मारू नगा. आमचं गाव धरनात गेलं तवा मी तेरा वर्सांची हुते. आमाला वर नव्या जागी आनलं, पर आमची म्हस रोज सांजच्याला पान्याकडं जायची. खाली तिचा गोठा हुता. गळ्याइतक्या पान्यात हुबी राहून रेकायची. येक दिस दावं माज्या हातात हुतं. तिनं वढलं, माजा हात सोलला, मी सोडलं. ती गेली ती गेलीच. बा म्हनला, जनावराला काय कळतंय. ह्याचाबी गोठा खाली आसंल. म्हनून वर येतंय, आन जागा घावंना म्हनून तुडवतंय. त्याला मारू नगा. कुनीतरी दावं धरा, आन सोडू नगा.”

वरील शब्द रंगुबाईचे आहेत. मी एकही सुधारलेला नाही. कागदाखालचा अंगठा तिचाच आहे.

ठिकाण: शेवगाव. दिनांक: ९ जुलै २०२५.

(सही) कारभारी विठोबा झिरपे

साक्षीदार:

१. (सही) चांगुणा भागवत गरड

२. (सही) आबासाहेब नामदेव लांडे. समदं वाचून सही केली. आमची गायबी तशीच गेल्ती, त्याच पान्यात. ह्याला मी हसलो नसतो, कारभारी.