फ्रिजपुरता गॅस

१ नोव्हेंबर

सिलिंडरला काटा नाही. गॅस किती उरलाय ते उचलून बघायचं, असं गाडी भाड्याने देणाऱ्याने सांगितलं होतं. आज उचलला — फारच हलका. उद्यापर्यंत पुरला तर पुरला.

या घरासारख्या राहायच्या गाडीत गॅसवर तीन गोष्टी चालतात. शेगडी, हीटर आणि फ्रिज. शेगडी नसली तर ब्रेड खाऊ. हीटर नसला तर स्वेटरवर स्वेटर. फ्रिजचं तसं नाही. त्यात बाबांचं इन्सुलिन आहे. म्हणून आजपासून हीटर बंद आणि चहा एकदाच.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "जावईबुवा, सासऱ्याला गारठवूनच मारायचं होतं तर घरीच फ्रिजमध्ये बसवायचं होतंत." स्वतःच खूप हसले. मीही हसलो. हसताना माझा चेहरा कसा दिसत असेल देव जाणे.

इथे तरी लिहून टाकतो. निघायच्या आदल्या दिवशी बायकोने येणं रद्द केलं. बाबांना म्हणाली, ऑफिसचं काम आलं. मला मात्र स्वयंपाकघराचं दार लोटून खरं सांगितलं. दुसऱ्या शहरात नोकरी धरलीय, राहायला एक खोली बघितलीय. आम्ही परदेश फिरून येईपर्यंत ती सामान घेऊन गेलेली असेल. दुसरं कोणी नाही. भांडणही नाही. "भांडण तरी कुठे होतं आपलं," म्हणाली. "बाबांना तू सांग. माझ्याने व्हायचं नाही."

बाबा कुठे राहणार, एवढंच मी विचारलं. "बघू," म्हणाली.

सासूबाई गेल्यापासून बाबा आमच्याकडेच आहेत. हे जावयाचं घर की लेकीचं, असं त्यांच्या मनात कधी आलं असेल असं वाटत नाही. आता ते मनात येणार. आणि ते मी सांगितल्यामुळे येणार.

२ नोव्हेंबर

गॅस अजून आहे. बाबांना नाही सांगितलं.

३ नोव्हेंबर

सकाळी सीमा ओलांडली. फाटक नाही, शिपाई नाही, रस्त्याकडेला एक पाटी. बाबांनी ती मोठ्याने वाचली, आपल्याला येईल तशी. सगळ्याच पाट्या वाचतात. पूर्वी टायपिंगचा क्लास चालवायचे. अक्षर दिसलं की अजून बोटं हलतात — मांडीवर, टेबलावर, काचेवर.

दुपारी पेट्रोलपंपावर गॅस मागितला. जाळीच्या पिंजऱ्यात सिलिंडर रचून ठेवलेले. मला हायसं वाटलं. पंपवाल्याने आमचा सिलिंडर फिरवून बघितला आणि मान हलवली. पलीकडच्या देशाचा सिलिंडर इथे बदलून मिळत नाही. मग इथला नवीन द्या म्हटलं. तर त्याचे आटे वेगळे. आमच्या गाडीच्या नळीला तो बसतच नाही. त्याने बसवून दाखवला — म्हणजे बसत नाही हे दाखवलं.

बाबा म्हणाले, "पत्रिका जुळत नाही म्हणा की."

मी गाडीत जाऊन बसलो.

संध्याकाळी शेगडीची ज्योत पिवळी झाली आणि गेली. अर्धवट तापलेल्या पाण्यातच बाबांनी चहाची पूड टाकली. प्यायलो.

४ नोव्हेंबर

इंजिन चालू असलं की फ्रिज गाडीच्या बॅटरीवर चालतो. गाडी थांबली की तोही थांबतो. म्हणून आज चालवतच राहिलो. एक तळं आलं, बाबा म्हणाले, थांबू या का? मी म्हटलं, पुढे याहून छान आहे. एक जुना पूल आला. पुढे याहून छान आहे. असं दिवसभर. शेवटी त्यांनी विचारणं सोडलं आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

कशाला चालवतोय ते सांगितलं असतं तर समजून घेतलं असतं त्यांनी. पण मग म्हणाले असते, माझ्यापायी तुमची सहल बुडते. ते वाक्य मला ऐकायचं नव्हतं. आता कोण कोणापायी काय बुडवतंय याचा हिशेब नको वाटतो.

५ नोव्हेंबर

गाड्यांचा तळ मिळाला. प्रत्येक जागेला विजेचा खांब आहे. केबल लावली, फ्रिजचा लाल दिवा लागला. बऱ्याच दिवसांनी कशाचं तरी बरं वाटलं. विजेचा एक छोटा हीटर तळाच्या बाईंकडून मागून आणला. गाडी उबदार झाली. बाबांनी कानटोपी काढली. आणि मग मी केबलची उरलेली गुंडाळी सोडत असताना त्यांनी चहासाठी विजेची किटली लावली.

आमची गाडीच काय, अख्खी रांग अंधारात गेली. चार वाजताच इथे दिवे लागतात, त्यामुळे सगळ्यांना कळलं. शेजारच्या गाडीतून एक माणूस तोंडात दात घासायचा ब्रश घेऊन बाहेर आला. तळाच्या बाई छत्री घेऊन आल्या, खांबाची पेटी उघडली, खटका वर केला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एक. एका वेळी एक." बोट दाखवून, लहान मुलाला सांगतात तसं.

बाबा ओशाळले. "मला विचारायला हवं होतं," म्हणाले. मी म्हटलं, जाऊ द्या. ते कितीतरी वेळ किटली मांडीवर घेऊन बसले होते.

कपडे धुवायच्या खोलीतून बायकोला फोन केला. मशीन घरघरत होतं, म्हणून बाबांना ऐकू जाण्याची भीती नव्हती.

"सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग करतोयस काय तिकडे?"

"फ्रिजचं बघतोय."

ती म्हणाली, "तू नेहमी फ्रिजचंच बघत असतोस रे." रागाने नाही. दमून म्हणाली. त्यापेक्षा रागावली असती तर बरं होतं.

६ नोव्हेंबर

हिवाळ्यासाठी तळ आजपासून बंद. बाई दारोदार फिरून सांगून गेल्या. केबल गुंडाळली. पुन्हा रस्ता. आभाळ इतकं खाली की छपरावरचं सौर पॅनेल असून नसल्यासारखं. गाडीतल्या दिव्यांची बॅटरीही उतरत चाललीय. बाबा हातातली बॅटरी लावून जुनंच वर्तमानपत्र वाचतात.

रात्रभर फ्रिज बंद राहणार. इन्सुलिन खराब झालं तर? दर थोड्या वेळाने दार उघडून हात लावून बघतो. दार उघडल्याने गारवा जातो हेही कळतं. तरी उघडतो.

७ नोव्हेंबर

गॅस मिळाला.

बंदराजवळ होड्यांचं सामान विकणारं एक दुकान आहे. दुकानदाराने तीन खोके उपसले आणि एक पितळी तुकडा काढला — एका बाजूला आमचे आटे, दुसऱ्या बाजूला इथले. लावला. बसला. शेगडी पेटवली तर निळी ज्योत. बाबांनी टाळ्या वाजवल्या. दुकानदारानेही वाजवल्या, कशाबद्दल ते न कळता.

फ्रिज गॅसवर घातला. रात्रभर बंद होता, म्हणून गारव्याचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. इन्सुलिनचा डबा अगदी आतल्या बाजूला, गार पत्र्याला टेकवून ठेवला. लवकर गार व्हावा म्हणून.

तेवढ्यात तिचा निरोप. लोखंडी कपाट नेऊ का, की तुम्हाला लागेल? आपण दोघांनी घेतलं होतं ते, अमुक साली, दुकानातून हातगाडीवर — असलं काही लिहिलं नाहीये तिने. नुसतं, नेऊ का. मी बंदराच्या कठड्यापाशी जाऊन उत्तर लिहीत बसलो. लिहिलं, खोडलं, लिहिलं. शेवटी लिहिलं, ने.

रात्री बाहेर कडाक्याची थंडी. सकाळपर्यंत काचेवर आतून बर्फ धरेल, असं बाबा म्हणतात. हीटर लावला. आज मनसोक्त लावला.

८ नोव्हेंबर

बाबा आज पाणी फार पितायत.

९ नोव्हेंबर

सारखं लघवीला जावं लागतंय त्यांना. रस्त्यात चारदा थांबलो. तोंड कोरडं, म्हणतात. चिडचिड करतायत, जी त्यांच्या स्वभावात नाही. पाटी वाचली नाही एकही.

इन्सुलिन रोजच्यासारखंच घेतलं. मी स्वतः बघितलं. संध्याकाळी बोट टोचून साखर बघितली तर यंत्रावर आकडाच येईना. इंग्रजीत एच-आय अशी दोन अक्षरं आली. बाबांनी चष्मा वर करून वाचलं. "हाय म्हणतंय मला," म्हणाले. आणि मग, "किंवा हाय हाय म्हणत असेल."

साखर यंत्राच्या मापापलीकडे गेलेली, म्हणून जास्तीचं इंजेक्शन दिलं. फोनवर डॉक्टर शोधतोय. कोणी उचलत नाही.

१० नोव्हेंबर

सकाळी उठेचनात. डोळे उघडे, पण नजर लागत नव्हती. ओकले. तोंडाला कुजक्या फळासारखा वास येत होता. गाडी पहिल्या दिसलेल्या माणसापाशी थांबवली आणि नुसतं म्हटलं, हॉस्पिटल, हॉस्पिटल. तो कुत्रा घेऊन फिरायला निघाला होता. कुत्र्यासकट गाडीत बसला आणि रस्ता दाखवला. त्याचे आभार मानायचे राहिले.

आत नेताना बाबांनी माझी बाही धरली. "तू जाऊ नको हं कुठे," म्हणाले. इतक्या वर्षांत मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं त्यांनी. शुद्धीत नव्हते, म्हणून असेल.

फॉर्मवाल्या बाईने विचारलं, मुलगा का? मी हो म्हटलं. समजावत बसायला शब्द नव्हते.

११ नोव्हेंबर

धोका टळला, म्हणतात. दोन्ही हातांना सुया, नळ्या. झोपलेत.

नर्सने बाबांची औषधं गाडीतून आणायला सांगितली होती. इन्सुलिनचा डबा दिला. तिने इन्सुलिन टोचायचं एक पेन उजेडात धरलं, तिरकं केलं, दुसरं धरलं. मग मला विचारलं, हे गोठलं होतं का?

गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ होतं, दिसायला तसंच दिसतं, पण त्याच्यात दम राहत नाही. तीन दिवस बाबा नुसतं पाणी टोचून घेत होते म्हणायचं. ते बटण मी परत मागे फिरवलंच नव्हतं. कपाट नेऊ का, या प्रश्नात अडकलो आणि विसरलो.

मी म्हटलं, गॅस नव्हता, फ्रिज बंद पडत होता, म्हणून मी... तिने ऐकून घेतलं. चांगली मुलगी. मग म्हणाली, या हवेत फ्रिज लागतच नाही. कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं असतं तरी महिनाभर टिकलं असतं.

तळं, पूल, ती अख्खी वाट. पुढे याहून छान आहे.

बायकोला फोन केला. सगळं सांगितलं, बटणासकट. ओरडेल वाटलं होतं. ती रडली. "मी येते," म्हणाली. मग म्हणाली, "बाबांना फोन दे, जागे झाले की."

संध्याकाळी दिला. बाबांनी मला हाताने खूण केली, जरा बाहेर. काचेतून दिसत होते. ते बोलत होते, ती ऐकत असावी. बोटं चादरीवर चालली होती. बऱ्याच वेळाने फोन परत केला आणि म्हणाले, "येऊ नको सांगितलंय. उगाच धावपळ."

तिने सांगितलं असेल का त्यांना? चेहऱ्यावरून काही कळत नाही.

१२ नोव्हेंबर

गाडी हॉस्पिटलच्या आवारात लावलीय. नवीन इन्सुलिन माझ्या खिशात. फ्रिज बंद केला, आता भरपूर गॅस आहे. हीटर लावायला हरकत नव्हती. लावला नाही.

१३ नोव्हेंबर

बाबांना सोडलं. दोन दिवस विश्रांती, मग विमान. आवारातल्या आवारात माझ्या हाताला धरून चालत गाडीपर्यंत आले आणि पायरीवर बसून दम खाल्ला. किती उतरलेत. शर्टाची कॉलर गळ्याभोवती नुसती टांगल्यासारखी.

मी बटणाचं सांगितलं. माफी मागितली. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "मीही रोज तोच डबा काढत होतो की. मला तरी कुठे कळलं, फार गार लागतंय ते? तुम्ही चांगल्यासाठीच केलंत." मग पुन्हा, "तुम्ही नेहमी चांगल्यासाठीच करता." हे म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते.

आता पुढे ढकलण्यात अर्थ नाही. घरी पोचल्यावर कपाटाच्या जागी भिंत दिसेल, त्याआधी माझ्या तोंडून कळायला हवं. आणि हेही सांगायचं की तुम्ही कुठे जायचं नाही. तुमची खोली तुमचीच. हे मी कधी ठरवलं ते मला माहीत नाही. ठरलेलंच होतं बहुतेक.

उद्या सकाळी.

१४ नोव्हेंबर

चहा हातात दिला आणि सांगून टाकलं. बाबा, ती घर सोडून गेलीय.

त्यांनी कप खाली ठेवला. "मला माहीत आहे," म्हणाले. "मीच तिला जा म्हटलं."

उन्हाळ्यात ती त्यांच्यापाशी रडली होती. तुम्ही नसतात तर कधीच निघाले असते, म्हणाली होती. "मी म्हटलं, माझ्यापायी अडकून पडू नको, पोरी. जा तू. तो मला टाकायचा नाही."

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आतून हाक आली नाही.

इंजेक्शनची वेळ झाली तेव्हा आत गेलो.