वावरातल्या टॉवरची तब्येत

तीर्थरूप सदाशिवमामांस,

यवतमाळहून भाचा पियुष याचा, तुमच्या वावरातल्या टॉवरसारखा किंचित कलता नमस्कार. गुडघा कसा आहे? विमलमामींची बंगईवरची दुपारची झोप आणि बैलांची शिंगं (पोळ्याचा चंदेरी रंग अजून टिकलाय ना?) दोन्ही शाबूत असतील अशी आशा आहे. मी बरा आहे, फक्त डोळ्यांवर सारखी पेंग असते.

विजेच्या जुन्या टॉवरांची तब्येत तपासायचं काम हल्ली आमच्याकडे आलंय. एकेक अँगल (टॉवरची लोखंडी पट्टी) मोजायचा, गंज खरवडायचा, मग संगणकावर टॉवर उभा करून त्याच्यावर वादळ सोडायचं. मागच्या आठवड्यात फुलसावंगीला आलो तो तुमच्याच टॉवरसाठी (तुम्ही नेमके त्याच सकाळी नेरला निघून गेलात). तुरीत वारा होता, वर तारा गुणगुणत होत्या. टॉवरच्या पायाशी जरा पाठ टेकली आणि मी तुमच्या अंगणात बंगईवर झुलू लागलो, अगदी लहानपणचा मी. वर लोखंडी दांडा, त्याच्या टोकाला तीन भोकं आणि प्रत्येक भोकात आभाळाचा एक निळा ठिपका. इतकं सुख वाटलं की उठावंसं वाटेना. तेवढ्यात टॉवरवर चढलेल्या आमच्या किसनसिंगनं हाक दिली.

"साहेब, लोखंडाले भुंगा कवापासून लागून राह्यला?"

तीन बोल्टांच्या एका तिरप्या अँगलच्या जागी सागाची बल्ली होती. तारेनं करकचून आवळलेली आणि वरून चंदेरी. (दर पोळ्याला तिलाही एक हात मिळालेला दिसतो, थरावर थर आहेत. खालून मलाही ती लोखंडच वाटली.) हातोडा मारला तर ठण्णऐवजी ठप्प, आणि भुसा पडला. इतकी वर्षं तिनं टॉवर तोलला, पण आता ती पोकळ झालीय. संगणकावर तो अँगल काढून पाहिला, तर पहिल्याच वावटळीत टॉवर आडवा झाला. मामा, तुमचा गोठा बरोबर त्या तारांखाली आहे. मला खरंच भीती वाटली.

बाकी क्षेम. मामींना आणि बैलांना नमस्कार सांगा.

तुमचा,
पियुष

ता.क. बंगईच्या दांड्यावर जरा चमचा वाजवून पाहा. ठण्ण वाजेल. गुरुवारी आमच्या वरिष्ठ मैत्रेयी मॅडम टॉवर बघायला येताहेत. बुधवारी किसनसिंगला पाठवतो, तो दांडा त्याच्याकडे द्या. अहवालात 'एक अँगल गायब' असं मी खरं तेच लिहिलंय, त्यापुढे 'सापडला' लिहिण्यापुरती जागा सोडलीय.

आणखी एक ता.क. बंगईसाठी नवा दांडा मी घेऊन येतो, टोकाला तीन भोकं पाडून. त्याशिवाय मला तिथं झोप लागायची नाही.