गंगेचा गडू

९ जानेवारी १९४७, गुरुवार

मिरजेहून परत आलो. डॉक्टर म्हणाले, घशातली गाठ आता कापण्यापलीकडं गेली, घरी न्या. ह्यांना गाडीत बसवून ठेवलं होतं, आत मी एकटीच उभी. मला म्हणाले, ‘बाई, एक नीट ध्यानात ठेवा. आडवं निजवून पाणी पाजायचं नाही. घसा काम करत नाही, पाणी सरळ छातीत उतरेल, माणूस जागीच गुदमरेल. बसवायचं, हनुवटी खाली, कापसाचा बोळा ओला करून दोन थेंब. तेवढंच.’ मी दोनदा म्हणून दाखवलं. अडाणी वाटले असेन. वाटू दे.

बाळासोला पलटणीत तार केली. पोरगं रजा मिळेल तेव्हा येईल.

१२ जानेवारी

आवाज पार गेला. आता पाटीवर लिहितात. तीच पाटी! लग्न झाल्यावर पलटणीत जायच्या आधी ह्यांनी मला हिच्यावरच अक्षरं शिकवली. ह्यांची पत्रं मास्तरानं चावडीत मोठ्यानं वाचलेली ह्यांना नको होती. ‘हाय’ नाही, ‘आहे’ लिही, म्हणून टपली मारायचे. तेव्हा मी गिरवायची, हे बघायचे. आता हे लिहितात, मी वाचते. हात कापतो. अक्षर माझ्यासारखं झालंय.

१४ जानेवारी, संक्रांत

साळूआत्या — ह्यांची सख्खी आत्या, भावकीत तिचाच शब्द चालतो — वाण घेऊन आली. दारातनंच म्हणाली, ‘कुंकू हाय तवर मिरवून घे गं बाई.’ तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि दार लावलं.

गुऱ्हाळाचा वास घरात आला तशी ह्यांनी मान वळवली. बोळा काकवीत बुडवून ओठाला लावला. तेवढा चाखला. पाण्याचा बोळा नेला की मात्र दात आवळतात. मी ओरडले, चिमटा काढला. नाहीच. ग्लानीत असले की बसवून गालात दोन थेंब पिळते, तेवढंच जातं.

१७ जानेवारी

मदिनाबी सुईण येऊन गेली. तान्ह्या पोरांना निजवायला तिच्याकडं अफूच्या मोहरीएवढ्या गोळ्या असतात. अर्धा गाव त्याच खाऊन वाढलाय. ह्यांच्यासाठी तुरीएवढ्या वळून डबीत घालून दिल्या. ‘एक सकाळी, एक सांजंला. गालात दाबून धर, आपसूक विरघळती. ह्येच्या वर न्हाई.’

‘आन् वर गेली तर?’

‘तर तू मला वळखत न्हाईस, मी तुला वळखत न्हाई.’

जेवणवेळेपासून दिवेलागणीपर्यंत झोपले. किती दिवसांनी!

२० जानेवारी

पाटीवर लिहिलं — ‘सगळ्या एकदम दे.’

मी पुसलं. परत लिहिलं. परत पुसलं. तिसऱ्यांदा लिहिलं — ‘तुला घाबरताना पहिल्यांदा बघतोय.’

मी पाटी पालथी घातली आणि चुलीपुढं जाऊन बसले. रडले नाही. भाकरी करपली.

देवानं दिलेला जीव देवानंच न्यावा म्हणतात. मग ने ना! कुणी धरून ठेवलाय? धडधाकट माणसं एका दिवसात नेतोस, आणि ह्यांना असं घोळवत बसलायस.

२१ जानेवारी

जोतीराम भाऊजींना विचारलं. ह्यांचे धाकटे भाऊ, गावचे पोलीसपाटील. म्हटलं, एका बाईचा नवरा लय आजारी हाय, त्यानंच मरान मागितलं आन् तिनं दिलं, तर सरकार काय करतं?

‘कोन बाई?’

‘शिराळ्याची.’

भाऊजींनी उठून दार लोटलं. मग म्हणाले, ‘शिराळ्याच्या बाईला सांगा, त्यानं मागितलं काय, पाया पडला काय, देनाऱ्याचा गुन्हा सुटत न्हाई. फाशी न्हाई झाली तर जनम आत जाईल. आन् तो गडी वाचला तर त्याच्यावर बी खटला. जीव द्याया बघितला म्हनून.’

‘म्हंजी मेला तर तिला जेल आन् जगला तर त्येला?’

‘कायदा हाय, वैनी.’

कायदा! पत्री सरकारवाले गावात आले की हाच पाटील माळ्यावर भाताच्या कणगीमागं बसायचा. तेव्हा मीच भाकरी नेऊन देत होते वर.

२२ जानेवारी

भाऊजी आले, फळीवर हात घातला, डबी कोटाच्या खिशात टाकली. ‘वैनी, हे तुमच्यासाठीच करतोय.’ मी म्हटलं, दोन तरी ठेवा, दुखन्यापुरत्या. ‘दोनाच्या चार व्हायला येळ लागत न्हाई.’

गेले.

खरं लिहायचं तर डबी गेली तेव्हा माझ्या अंगातला एक धोंडा उतरला. आणि लगेच स्वतःवरच थुंकावंसं वाटलं. माझं ओझं उतरलं. ह्यांचं?

२४ जानेवारी

दोन दिवस झोप नाही. आवाज नाही, म्हणून ओरडता पण येत नाही. नुसतं तोंड उघडतात. उशी दातानं फाडली. मदिनाबीकडं गेले तर भाऊजींनी तिला आधीच दम भरलेला. ‘मला म्हातारपनी ठान्यात नगं गं पाठवूस,’ म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

२७ जानेवारी

सकाळी श्वास अडकल्यासारखा झाला. साळूआत्या आली, हात लावून बघितलं. ‘जीव घुटमळतोय. खाली घ्या त्येला. गंगा घाला तोंडात, म्हंजी वाट मोकळी हुईल.’ देव्हाऱ्यातला गडू काढला. मामंजींनी काशीहून आणलेला, तोंड लाखेनं बंद केलेला, वीस वर्षं कुणी हात लावला नव्हता.

मी हिसकावून घेतला. ‘पानी घालाल तर हात मोडीन!’

‘नवऱ्याला गंगा बी मिळू दीना! कसली बाई ही!’ सगळ्या बाया ऐकत होत्या. डॉक्टर काय म्हणाले ते सांगायचं ओरडायच्या नादात राहूनच गेलं.

श्वास परत नीट चालू झाला. सगळे गेल्यावर ह्यांनी पाटी मागितली. लिहिलं — ‘का अडवलंस?’

मग ह्यांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले तसंच, शब्दाला शब्द. ऐकून माझ्याकडं बघत राहिले. पेन्सिल माझ्या हातात दिली आणि माझी मूठ धरून पडून राहिले.

३० जानेवारी

आत्याकडं जाऊन सांगायला हवं. सगळ्यांनाच — पाणी का घालायचं नाही ते, कारणासकट. आज तीनदा तिच्या पायरीपर्यंत गेले. तीनदा परत फिरले. तिसऱ्यांदा तिनं विचारलं, ‘काय गं, काय पायजे?’

म्हटलं, ‘विरजन हाय का बघाया आले.’

घरात दह्याचं मडकं भरलेलं आहे.

१ फेब्रुवारी

पाटी मागितली नाही. नुसतं देव्हाऱ्याकडं बघतात. आणि मग माझ्याकडं.

२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी गेले. जमिनीवर घेतलं होतं. सगळे होते. आज इतकंच.

९ फेब्रुवारी

बाळासो आला. उशीर झाला म्हणून उंबऱ्यावर डोकं टेकून रडला. ‘लय त्रास झाला का आण्णांना?’ विचारलं. आधी झाला, म्हटलं. शेवटाला लगेच सुटले.

१५ फेब्रुवारी

तेरावं झालं. भाऊजी डबी परत घेऊन आले, मदिनाबीला द्या म्हणाले. ‘वैनी, राग धरू नका. डबी नेली म्हनून तुमचा हात पापातनं वाचला.’

मी व्हय म्हटलं.

हे गेले त्या दिवशी गडूची लाख आत्यानं फोडली. पोरगा हजर नाही, म्हणून पहिल्या पळीचा मान बायकोचा, म्हणाली. हे आडवे निजलेले. डोकं भाऊजींनी धरलेलं — पोलीसपाटलांनी! डॉक्टरांचा शब्द न् शब्द मला पाठ होता. बाकी कुणाला ठाऊक नव्हता, फक्त ह्यांना.

तीन आठवडे पाण्याच्या बोळ्याला दात आवळले ह्यांनी. माझ्या हातात पळी बघितली आणि तोंड आपणहून उघडलं.