शुक्रवारी नाही, शुक्रावर

सौ. धाकटीच्या आईस आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. धाकटीचं भाषण शुक्रवारी आहे असं मी कळवलं होतं, तू दिवसभर काळजी करत बसली असशील. चूक माझ्या कानांची. ती शुक्रवारी नाही, शुक्रावर बोलणार आहे, आकाशातल्या! भाषण पुढच्या महिन्यात, मंगळवारी. ते पसंत पडलं की तिची इथली नोकरी कायम होईल.

विषय तिने मलाही समजावला. पृथ्वीच्या कवचाचे तुकडे आहेत, ते सरकतात, एकमेकांना रेटतात, म्हणून डोंगर उठतात. शुक्राचं कवच तसं सरकत्या तुकड्यांचं नाही. मग तिथे खंडाएवढी पठारं आली कुठून? तिने गॅसवर दूध ठेवलं. मी ओरडलो, "अगं, उतू जाईल!"

"बाबा, दुधाकडे नको, सायीकडे बघा."

खालून गरम दूध वर आलं, तशी साय एका कडेला गोळा झाली, सुरकुतली, जाड झाली. तिथेही खालचा तापलेला खडक कवचाला असंच गोळा करतो, असं ती म्हणते. मला कळलं, म्हणजे परीक्षकांना कळेलच. पोरगी बाजी मारणार, बघ.

तब्येत बरी आहे तिची, जरा वाळली आहे इतकंच. तुझा गुडघा कसा आहे? रात्री गॅस बंद करतेस ना?

तू तिच्याशी धरलेल्या अबोल्याबद्दल ती काही बोलत नाही. पण टपाल आलं की आधी पाकिटावरचं अक्षर बघते आणि मग माझ्या हातात देते. त्या मंगळवारच्या आत दोन ओळी धाड. माझ्या नावाने नको, तिच्या नावाने.

तुझी वाट बघणारा,
धाकटीचा बाबा